टेस्को : दुकाने व वितरणव्यवस्था

टेस्को : ब्रिटनमधील किराणा माल व खाद्यपदार्थ यांच्या किरकोळ विक्रीची सर्वांत मोठी साखळी-दुकान कंपनी. तिचे मुख्य कार्यालय लंडनच्या उत्तरेस वेलिन गार्डन सिटी येथे आहे. जॅक कोहेन (१८९८–१९७९) याने १९१९ मध्ये लंडनच्या हॅक्नी भागातील बाजारात मांडलेल्या एका ठेल्यातून ही कंपनी उदयास आली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनमधील किराणा व्यापाराचा तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास भाग तिच्या हाती होता.

एकाच नावाच्या पाटीखाली चालणारी अनेक दुकाने म्हणजे साखळी दुकाने, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. माल कोणी मागवावा, तो कोणत्या मार्गाने यावा आणि वाटेत कोणाच्या ताब्यात असावा, हे प्रत्येक दुकान आपापले ठरवीत असेल, तर पाटी एक असूनही ती दुकाने सुटीच राहतात. टेस्कोची पहिली सु. साठ वर्षे बव्हंशी अशाच अवस्थेत गेली. १९७७ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मात्र मालाच्या वाटचालीवरचा ताबा दुकानाकडून आणि पुरवठादाराकडून काढून मध्यवर्ती वखारीकडे नेण्यात आला. या स्थित्यंतराने ब्रिटनमधील किरकोळ व्यापारातील सत्तेचा तोलच बदलला.

आरंभकाळ : पोलंडमधून आलेल्या एका ज्यू शिंप्याचा मुलगा असलेला कोहेन पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलात होता. युद्ध संपल्यावर हाती आलेल्या ३० पौंडांच्या रकमेतून त्याने लष्कराचा उरलेला डबाबंद माल विकत घेतला आणि तो बाजारात विकला. १९२४ मध्ये त्याने टी. ई. स्टॉकवेल या चहाच्या व्यापाऱ्याकडून चहा घेतला. त्या व्यापाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे आणि स्वतःच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे जोडून ‘टेस्को’ हे नाव तयार झाले. त्या नावाचे पहिले दुकान १९३० च्या सुमारास लंडनच्या वायव्येकडील बर्न्ट ओक येथे उघडले. माल ढिगाने मांडावा आणि कमी नफ्यावर झटपट विकावा, हे कोहेनच्या व्यापाराचे सूत्र होते. १९३० नंतरच्या दशकात त्याने एडमंटन येथे कचेरी व मध्यवर्ती गुदाम बांधले, यावरून साठ्याच्या मध्यवर्ती नियंत्रणाचे महत्त्व त्याला उमगले होते असे दिसते. पण पुढे दुकानांची संख्या ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने ही कल्पना वाढली नाही.

१९४७ मध्ये कंपनीचे भाग लंडनच्या शेअरबाजारात विक्रीस आले. त्याच सुमारास अमेरिकेतील स्वयंसेवा पद्धतीचे अनुकरण करून सेंट ऑल्बन्स येथील दुकानात गिऱ्हाइकांनी स्वतःच फळ्यांवरून माल उचलावा असा प्रयोग झाला. १९५६ मध्ये एसेक्स परगण्यातील मॉल्डन येथे सुपरमार्केट उघडले. यापुढील वाढ मुख्यतः इतरांच्या साखळ्या विकत घेऊन झाली. १९६० मध्ये लिव्हरपूल परिसरातील अर्विन या साखळीची २१२ दुकाने आणि १९६८ मध्ये व्हिक्टर व्हॅल्यू या साखळीची दोनशेहून अधिक दुकाने टेस्कोकडे आली. त्यांत मोठी, लहान, अरुंद गल्लीतली, मागे मालमोटार उभी करण्यास जागा नसलेली, अशी सर्व प्रकारची दुकाने होती. कोहेनची दृष्टी सौदागराची होती. दुकान मिळते आहे ना, मग ते घ्यावे, एवढाच हिशेब होता.

त्या काळी ब्रिटनमध्ये अनेक वस्तूंची किरकोळ किंमत उत्पादक ठरवून देत आणि दुकानदाराला ती कमी करता येत नसे. या बंधनाला वळसा घालण्यासाठी टेस्कोने १९६३ पासून ‘ग्रीन शील्ड’ या कंपनीची तिकिटे गिऱ्हाइकांना देण्यास सुरुवात केली. खरेदीच्या प्रमाणात मिळणारी ही तिकिटे वहीत चिकटवून त्यांच्या बदल्यात भेटवस्तू घेता येत. १९६४ च्या पुनर्विक्री किंमत अधिनियमाने उत्पादकांचा हा अधिकार बहुतांशी संपुष्टात आणला. तिकिटांचे मूळ कारण त्यामुळे संपले, तरी ती चालूच राहिली.

व्यवस्थापकाचे राज्य : १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत टेस्कोच्या दुकानाचा व्यवस्थापक हा आपल्या दुकानापुरता जवळजवळ स्वतंत्र व्यापारी होता. कोणता माल किती मागवावा हे पुष्कळ अंशी तोच ठरवी. बिस्किटे, साबण, डबाबंद फळे यांच्या उत्पादकांचे प्रतिनिधी त्याला येऊन भेटत, सवलती देऊ करीत आणि मागणी लिहून नेत. माल उत्पादकाच्या गाडीतून थेट दुकानाच्या मागच्या दारी येई. एका दिवसात अनेक गाड्या येत. कोणती केव्हा येईल, याचा नेम नसे. आलेला माल मोजून घेण्यास माणसे अडकून पडत आणि दुकानाची बरीचशी जागा मागच्या कोठारात जाई.

या पद्धतीत गुणही होते. आपल्या वस्तीत काय खपते हे व्यवस्थापकाला ठाऊक असे आणि तो त्याप्रमाणे वागू शके. परंतु मुख्य कार्यालयाला मात्र कोणत्या दुकानात काय पडून आहे आणि काय संपले आहे, याचा नेमका अंदाज नसे. सातशेच्या आसपास दुकाने असूनही खरेदीदार म्हणून कंपनीचे वजन त्या प्रमाणात पडत नव्हते.

१९७७ ची मोहीम : १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये भाववाढीचा दर २४ टक्क्यांच्या आसपास पोहोचला होता. भेटवस्तूंपेक्षा स्वस्त साखर व लोणी गृहिणींना अधिक हवे होते. १९५९ मध्ये शिकाऊ अधिकारी म्हणून दाखल झालेला आणि १९७३ मध्ये व्यवस्थापकीय संचालक झालेला इअन मॅक्लॉरिन याने तिकिटे बंद करून तो पैसा किंमती उतरविण्याकडे वळवावा, असा आग्रह धरला. वृद्ध कोहेनचा याला विरोध होता. संचालक मंडळात अल्प बहुमताने निर्णय झाला आणि जून १९७७ मध्ये ‘ऑपरेशन चेकआउट’ या नावाची दरकपातीची मोहीम सुरू झाली.

गिऱ्हाइकांचा प्रतिसाद अपेक्षेच्या कितीतरी पलीकडे गेला. किराणा व्यापारातील टेस्कोचा हिस्सा सु. ८ टक्के होता; तो वर्षभरात सु. १२ टक्क्यांवर गेला. या यशानेच कंपनीला संकटात लोटले. दुकानांतील फळ्या रिकाम्या होऊ लागल्या, मागच्या दारी गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि माल आहे पण तो योग्य दुकानी नाही अशी स्थिती ठिकठिकाणी उद्‌भवली. किंमत कमी करणे हा एका बैठकीत घेता येण्याजोगा निर्णय होता. त्या किंमतीला विकण्याइतका माल रोज फळीवर आणून ठेवणे ही वेगळी गोष्ट होती. वितरण हे विक्रीमागून येणारे हमालीचे काम नसून विक्रीची मर्यादा तेच ठरविते, हे टेस्कोच्या चालकांना यातून कळून चुकले. ही जाणीव नफ्याच्या दिवसांत क्वचितच होते.

मध्यवर्ती वितरण : १९८० च्या सुमारास कंपनीने मालाचा पुरवठा आपल्याच नियंत्रणाखालील वखारींतून करण्याचे धोरण स्वीकारले. त्यामागील गणित साधे आहे. समजा, शंभर पुरवठादार आणि तीनशे दुकाने आहेत. प्रत्येक पुरवठादाराने प्रत्येक दुकानी माल पोहोचवायचा तर ३०,००० फेऱ्या होतात व त्यांतील बहुतेक गाड्या अर्ध्यामुर्ध्या भरलेल्या असतात. मध्ये वखार घातली, की शंभर पुरवठादारांना एकाच ठिकाणी पूर्ण भरलेली गाडी न्यावी लागते, आणि दुकानाला अनेक प्रकारचा माल एकाच गाडीतून मिळतो. वखारीचा खर्च वाढतो, परंतु दुकानातील साठा, मोजदाद व खोळंबा यांवरचा खर्च त्याहून अधिक कमी होतो.

हे साधण्यासाठी दुकानांचीही पुनर्रचना करावी लागली. मोठी मालमोटार वळू शकत नाही अशी गावठाणातील शेकडो लहान दुकाने बंद करण्यात आली आणि शहराच्या कडेला, वाहनतळ असलेली मोठी दुकाने उघडण्यात आली. एका दशकात दुकानांची संख्या सातशेच्या आसपासून चारशेच्या आसपास आली, उलाढाल मात्र वाढतच गेली. ज्यांच्याकडे मोटार नव्हती अशा वृद्धांचा व गरिबांचा यात विचार झाला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

प्रारंभीच्या वखारी मालाच्या प्रकारानुसार वेगळ्या होत्या : भाजीपाल्याची एक, मांसाची एक, गोठवलेल्या पदार्थांची एक. त्यामुळे एका दुकानी दिवसातून अनेक गाड्या जातच राहिल्या. १९८९ पासून टेस्कोने संमिश्र वखारींची पद्धत सुरू केली. एकाच छपराखाली निरनिराळ्या तपमानांचे कक्ष ठेवून नाशवंत व गोठवलेला माल एकत्र हाताळला जाऊ लागला. गाडीच्या आत सरकते पडदे बसवून तिचे तीनपर्यंत कप्पे करता येतात. गोठवलेले वाटाणे, दूध व केळी ही प्रत्येकाला मानवणाऱ्या तपमानात एकाच फेरीत जाऊ शकतात. सुका किराणा वेगळ्या वखारींतून जात राहिला. काही वखारी कंपनी स्वतः चालवी, तर काही वाहतूक कंपन्यांकडे कंत्राटाने दिलेल्या असत. मात्र मागणी, वेळापत्रक व साठा यांचे निर्णय टेस्कोचेच असत.

वखारीतील काम दिवसरात्र चालते. दुकानातील विक्रीनुसार संगणक दुसऱ्या दिवसाची मागणी तयार करतो. कामगार त्याप्रमाणे एकेका दुकानाचा माल चाकांच्या जाळीदार पिंजऱ्यांत भरतात आणि ते पिंजरे ठरलेल्या दारापाशी रांगेने उभे करतात. दुकानी पोहोचल्यावर पिंजरा तसाच फळ्यांपर्यंत ढकलत नेता येतो. परतीच्या प्रवासात गाडी रिकामे क्रेट व पुठ्ठे आणते. कधी वाटेवरील कारखान्यातून नवा मालही उचलते. २००६ पासून डॅव्हेंट्री येथील वखारीचा काही माल स्कॉटलंडकडे आगगाडीनेही जाऊ लागला.

दुकानाचे व्यवस्थापन : मागणी देण्याचे काम गेल्यामुळे दुकानाच्या व्यवस्थापकाचे स्थान बदलले. कोणती वस्तू कोणत्या फळीवर, किती रुंदीत मांडावी याचा आराखडा मुख्य कार्यालयातून येऊ लागला. व्यवस्थापकाकडे उरले ते मनुष्यबळ, स्वच्छता, ताजेपणा आणि रांगा. १९९० नंतरच्या दशकात, पुढे एकापेक्षा अधिक गिऱ्हाईक असल्यास नवा गल्ला उघडावा, असा नियम करण्यात आला. ग्राहक, कामकाज, कर्मचारी व अर्थव्यवहार अशा विभागांचे एक ‘सुकाणू चक्र’ प्रत्येक दुकानात लावले जाई आणि प्रत्येक बाबीतील प्रगती हिरव्या, पिवळ्या वा तांबड्या रंगाने दाखविली जाई. १९९७ ते २०११ या काळात मुख्य कार्यकारी असलेल्या टेरी लेही याच्या कारकीर्दीत वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दरवर्षी एक आठवडा दुकानात फळ्या भरण्याचे व गल्ल्यावर बसण्याचे काम करावे, अशी प्रथा होती. जुन्या व्यवस्थापकाला वस्तीची जी माहिती आपोआप असे, ती मिळविण्यासाठी आता अशा उपायांची गरज पडू लागली होती.

याच गरजेतून फेब्रुवारी १९९५ मध्ये ‘क्लबकार्ड’ देशभर सुरू झाले. गिऱ्हाइकाने गल्ल्यावर पत्र दाखविले, की त्याच्या खरेदीची नोंद होई व त्याबद्दल त्याला सूट मिळे. एका अर्थाने ही जुनी तिकिटेच परत आली होती. फरक एवढाच, की या वेळी बदल्यात कंपनीला माहिती मिळत होती. त्याच वर्षी टेस्कोने सेन्सबरी या जुन्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकून पहिले स्थान मिळविले. शहरांच्या मध्यभागी ‘मेट्रो’ (१९९२), वस्त्यांमध्ये लहान ‘एक्सप्रेस’ (१९९४) आणि शहराबाहेर अतिविशाल ‘एक्स्ट्रा’ (१९९७) असे दुकानांचे प्रकारही याच दशकात निर्माण झाले. वखारीतून दररोज थोडथोडा माल येण्याची सोय नसती, तर कोठारच नसलेले लहान दुकान चालविणे अशक्य होते.

मालाच्या प्रवासातील अपव्ययाचा अभ्यासही या काळात झाला. जेम्स वोमॅक व डॅनिएल जोन्स यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत कोला पेयाच्या डब्याचा खाणीतील धातुकापासून ग्राहकापर्यंतचा माग काढला. त्याला ३१९ दिवस लागत व त्यांपैकी प्रत्यक्ष प्रक्रिया केवळ तीन तासांची असे. उरलेला सर्व काळ माल कोठेतरी पडून असे. टेस्कोने हे निष्कर्ष मनावर घेतले आणि मोठ्या, क्वचित येणाऱ्या खेपांऐवजी लहान व वारंवार येणाऱ्या खेपांवर भर दिला. साठा जितका कमी, तितकी व्यत्ययाची भीती अधिक, ही त्याची दुसरी बाजू होय. सप्टेंबर २००० मध्ये इंधनाच्या करांविरुद्ध निदर्शकांनी तेलाचे डेपो अडविले, तेव्हा काही दिवसांतच ब्रिटनमधील काही सुपरमार्केटांना पाव व दूध मोजून द्यावे लागले.

पुरवठादारांशी संबंध : वखार ही केवळ इमारत नसून ते एक नाके आहे. पूर्वी उत्पादकाला शेकडो व्यवस्थापकांची दारे उघडी होती. आता एकच दार उरले. तेथे माल नाकारला गेला तर देशातील व्यापाराचा मोठा भाग हातचा जाई. त्यामुळे फळीवर जागा मिळविण्यासाठी, जाहिरातीसाठी, नासधुशीसाठी अशा अनेक निमित्तांनी पुरवठादारांकडून रकमा मागणे मोठ्या साखळ्यांना सोपे झाले. या व्यवहारांची चौकशी स्पर्धा आयोगाने २००० व २००८ मध्ये केली. त्यातून २०१० मध्ये पुरवठ्याविषयीची आचारसंहिता लागू झाली व २०१३ मध्ये तिच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र न्यायनिर्णेता नेमण्यात आला. दरम्यान सप्टेंबर २०१४ मध्ये टेस्कोने आपल्या अपेक्षित नफ्याचा आकडा सु. २५ कोटी पौंडांनी फुगवलेला असल्याचे जाहीर केले. पुरवठादारांकडून येणे असलेल्या रकमा वेळेपूर्वीच जमेस धरल्याने हे घडले होते. न्यायनिर्णेत्याने आपल्या पहिल्याच चौकशीत, टेस्कोने पुरवठादारांची देणी जाणूनबुजून लांबविल्याचा निष्कर्ष जानेवारी २०१६ मध्ये काढला.

परदेशांतील व्यवसाय : दुकान आधी की वखार आधी, हा प्रश्न परदेशांत अधिक तीव्र झाला. २००७ मध्ये अमेरिकेत ‘फ्रेश अँड ईझी’ ही साखळी सुरू करताना टेस्कोने कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे प्रथम प्रचंड वखार व पदार्थ तयार करण्याचे कारखाने उभारले. शेकडो दुकानांसाठी बांधलेल्या या व्यवस्थेच्या पदरी सु. २०० दुकानेच पडली. वखारीचा स्थिर खर्च त्यांच्या विक्रीतून निघेना आणि २०१३ मध्ये हा व्यवसाय विकावा लागला. पुढे दक्षिण कोरिया (२०१५), थायलंड व मलेशिया (२०२०) येथूनही कंपनीने अंग काढून घेतले. भारतात २००४ पासून तिचे सेवा व संगणक केंद्र बंगळुरू येथे आहे. २००८ मध्ये मुंबईच्या ट्रेंट या टाटा समूहातील कंपनीशी तिचा करार झाला व २०१४ मध्ये ‘स्टार बझार’ ही साखळी चालविणाऱ्या ट्रेंट हायपरमार्केट या कंपनीत तिने निम्मा वाटा घेतला. मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना टेस्कोची पाटी दिसत नाही, तिचा भाग आहे तो या भागीदारीपुरता.

घरपोच सेवा : इंटरनेटवरून मागणी घेण्यास टेस्कोने विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रारंभ केला, तेव्हा तिने आपल्याच सूत्राच्या उलट मार्ग पत्करला. स्वतंत्र वखारी न बांधता कर्मचाऱ्यांनी दुकानातील फळ्यांवरूनच माल वेचून गाडीत भरावा, असे ठरले. दुकाने व त्यांना होणारा दैनंदिन पुरवठा आधीच सिद्ध असल्याने भांडवली खर्च अल्प होता. अमेरिकेत ‘वेबव्हॅन’ ही कंपनी मोठ्या यांत्रिक वखारी बांधून २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, हे लक्षात घेता हा निर्णय शहाणपणाचा ठरला. २०२० च्या कोव्हिड साथीत काही आठवड्यांत घरपोच मागण्यांची क्षमता आठवड्याला सु. ६ लाखांवरून दुपटीपेक्षा अधिक करता आली, ती या पद्धतीमुळेच.

कामगार : दुकाने व वखारी या दोन जगांतील अंतर अलीकडे न्यायालयांपुढे आले. २००७ च्या सुमारास वखारींची पुनर्रचना करताना अनुभवी कामगार टिकावेत म्हणून कंपनीने त्यांना राखीव वेतन देऊ केले व ते कायमचे असल्याचे सांगितले. २०२१ मध्ये ते बंद करण्यासाठी कामगारांना काढून नव्या अटींवर पुन्हा घेण्याचा बेत जाहीर झाला. कामगार संघटना न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डॅव्हेंट्री व लिचफील्ड येथील कामगारांच्या बाजूने मनाई हुकूम दिला. दुसरा वाद अधिक व्यापक आहे. दुकानांत बहुसंख्य स्त्रिया व वखारींत बहुसंख्य पुरुष काम करतात आणि वखारीचे वेतन अधिक आहे. ही दोन्ही कामे समान मूल्याची असल्याने वेतनही समान असावे, असा दावा हजारो कर्मचाऱ्यांनी केला. दुकाने व वखारी या निराळ्या आस्थापना असल्याने त्यांची तुलना करण्यास युरोपीय करारातील समान वेतनाच्या तत्त्वाचा आधार घेता येत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. जून २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने ते फेटाळले. दोन्हींच्या वेतनाच्या अटी एकाच मालकाकडून ठरत असतील, तर अशी तुलना करता येते, असा निर्णय त्याने दिला. फळी भरणे आणि पिंजरा भरणे या दोन कामांचे मूल्य खरोखरच समान आहे काय, हा प्रश्न मात्र औद्योगिक न्यायाधिकरणाकडे राहिला आणि एकेका कामाचे तपशील तपासत ती सुनावणी पुढे अनेक वर्षे चालली.